भोरचं पंगूघर आणि ठकूबाईचं घर

भोर, सोमवार

भोरला मी एक रिकामी इमारत मोजायला गेले होते. निदान माझी समजूत तशी होती.

मी अमरावतीची. जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यात आरेखक होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. नोकरीभर जे नकाशे काढले त्यातले निम्मे तरी घरकुलांचे असतील. एक खोली, कोपऱ्यात स्वयंपाकाचा कट्टा, मागं न्हाणी, पुढं हातभर ओटा. निवृत्तीनंतर एक विचित्र छंद जडला. ज्यांना कोणी नाही अशांना पूर्वी कुठं ठेवत, कसल्या खोल्यांत ठेवत, हे बघत हिंडायचं आणि त्या जागांचे नकाशे काढून ठेवायचे. आमच्या वऱ्हाडात मी सदावर्ताच्या ओवऱ्या मोजल्या, दुष्काळातल्या गरीबखान्यांची जोती शोधली. बहुतेक ठिकाणी आता गवत माजलंय, नाहीतर कोणाचं तरी गोदाम उभं आहे. भिंती दिसल्या की मला बरं वाटतं. माणसं नसतात, त्यामुळे काम शांतपणे होतं.

भोरच्या पंगूघराचं मला पुण्याच्या मैत्रिणीनं सांगितलं. गावाबाहेर नीरेच्या अंगाला संस्थानी काळातली एक चाळवजा इमारत आहे, आणि तिची किल्ली अण्णा नावाच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांकडे असते. जुन्या पंचमंडळातले ते एकटेच उरलेत. फोनवर ते म्हणाले, या, मोजा, कोणी अडवणार नाही.

अण्णा स्टँडवर घ्यायला आले होते. पांढरा सदरा, हातात छत्री, पाऊस संपून महिना झाला तरी. चालता चालता ते सांगत गेले. दुष्काळ पडला की मावळातली माणसं डोंगर उतरून भोरला येत. ज्यांच्या अंगात जोर असे त्यांना खडी फोडायला धाडत. म्हातारी, आंधळी, थोटी, ज्यांच्याकडून काहीच होणार नाही अशी माणसं मागं उरत. त्यांच्यासाठी हे बांधलं. कोणी बांधलं याबद्दल गावात दोन मतं आहेत आणि दोन्ही मतांचे लोक एकमेकांशी बोलत नाहीत, असंही त्यांनी सांगितलं.

इमारत दगडी, ठेंगणी. एका ओळीत नऊ खोल्या, पुढं लाकडी खांबांची पडवी. दारं इतकी बुटकी की वाकल्याशिवाय आत जाता येऊ नये. अण्णांना कोणाचा तरी फोन आला म्हणून ते मागं थांबले. मी पहिल्याच दाराशी टेप काढली. आत अंधार होता. खोलीची आतली लांबी मोजायची म्हणून टेपचं टोक पुढं सरकवत हात आत घातला, आणि कोणीतरी ते टोक धरलं.

“धरू का म्या हितं?” आतून आवाज आला. “का भिताडाला लावू?”

मी दचकून टेप ओढली आणि टोक सरसरत परत आलं. डोळे सरावल्यावर दिसलं, भिंतीशी एक म्हातारी बसली होती. पाय पसरलेले, शेजारी काठी. तिनं टेप परत मागितली आणि माप पुरं होईपर्यंत टोक नीट भिंतीला दाबून धरलं.

ही ठकूबाई. नऊ खोल्यांत मिळून सात माणसं राहत होती. अण्णांनी मला ते सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. त्यांना वाटलं, मला ठाऊक असणार. ‘पंगूघर’ म्हटल्यावर पंगू असायचेच की, असं ते म्हणाले.

पडवीच्या भिंतीवर लाकडी फळी ठोकली आहे. तिच्यावर नियम रंगवलेत, अक्षरं बोटांनी पुसून पुसून फिकट झालेली. त्यातला पहिला मी वहीत उतरवून घेतला. ज्यास वारस अगर आप्त आहे त्यास येथे ठाव मिळणार नाही. अण्णा म्हणाले, हा नियम अजून आहे. पूर्वीपासूनची रीत अशी की येणाऱ्यानं उंबऱ्यावर बसायचं आणि पंचांसमोर तीनदा म्हणायचं, मला कोणी नाही. मग अंगठा घ्यायचा.

मी विचारलं, आता तसं म्हणायला लावत नसतील ना? उत्तर ठकूबाईनं दिलं.

“म्हनायचं की. तीन डाव. पयल्यांदा जीभ वळत न्हाई, मग येतं म्हनाया.”

भोर, मंगळवार

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नऊच्या नऊ खोल्या मोजून झाल्या. भिंतींची जाडी, दारांची उंची-रुंदी, छपराचा उतार. जेवणाची वेळ झाली तेव्हा एका देवस्थानाकडून डबे आले. मी उठायला लागले तर ठकूबाईनं बसवून घेतलं. पहिलं ताट पाहुणीचं. इंद्रायणीचा भात, पातळ आमटी, वर लसणीची चटणी. आमच्याकडे जेवणात भाकरी-पोळी नसली की जेवल्यासारखं वाटत नाही. इथं भातच जेवण, भाकरीसुद्धा तांदळाची. त्या भाताचा वास अजून आठवतो. मी दोनदा घेतला आणि मग लाजले, कारण डबे मोजून सात जणांचे होते.

जेवताना ठकूबाईनं विचारलं, मी काय काम करत होते. मी सांगितलं, घरकुलांचे नकाशे काढायचे.

ती जेवायची थांबली. “मग माझं घर तुमीच काढलं असंल.”

मला वाटलं थट्टा करतेय. पण ती सांगायला लागली. तिचं गाव वेल्ह्याच्या वर, पासलीच्या बाजूला एक वाडी. वाडीचं नाव मी इथं लिहीत नाही. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. भावाच्या घरी राहिली, भाच्याला वाढवलं. दत्ता त्याचं नाव. तिच्या नावची जुनी झोपडी पावसात बसली तेव्हा तिला घरकुल मंजूर झालं. भिंती उठल्या, पत्रा चढला, दाराला हिरवा रंग दिला. हातात नावाची पाटी देऊन तिला दाराशी उभं केलं आणि फोटो काढला. त्याच पंधरवड्यात ती शेताच्या बांधावरून पडली आणि खुबा मोडला. दत्तानं भोरला आणलं, दवाखाना केला. मग इथल्या उंबऱ्यावर बसवलं आणि काय म्हणायचं ते सांगितलं. गिलावा वाळला की न्यायला येतो, असं म्हणून गेला.

“कधीची गोष्ट ही?” मी विचारलं.

“अकरा वर्सं झाली.” तिनं भात कालवला. “गिलावा वाळंना अजून.”

अकरा वर्षं. माझ्या खात्यात आम्ही फाइलीवर शिक्का मारायचो, ‘घरकुल पूर्ण’, आणि फाइल कपाटात जायची. त्या फोटोतली माणसं पुढं कुठं जातात हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

मी तिला म्हटलं, तुम्हाला घर बघायचंय का? तिनं एवढंच विचारलं, किती वाजता निघायचं.

अण्णांना हे आवडलं नाही. त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. तुम्ही परवा अमरावतीला जाल. ही जर गावात जाऊन आली, भाचा आहे, घर आहे असं उघड झालं, तर नियमानं मला तिला ठेवता येणार नाही. मी डोळे झाकीन, पण इथले बाकीचे बोलतील. ते खोटं बोलत नव्हते. एका कागदावर तिला घर होतं आणि दुसऱ्या कागदावर तिला कोणी नव्हतं. दोन्ही कागद एकत्र आले की राहायला जागा उरत नव्हती.

हे सगळं मी ठकूबाईला नीट सांगितलं. ती म्हणाली, “अण्णा, माझं वाकळ-गठुडं हितंच ऱ्हाऊ द्या. आलं तर आलं, न्हाई आलं तर कोनाला तरी द्या.”

वेल्ह्याकडे, बुधवार

भोरहून नसरापूरला एसटी, तिथून वडाप. म्हणजे जीपमध्ये माणसं कोंबून नेतात ते. आमच्याकडे त्याला काळीपिवळी म्हणतात, कोंबण्याची पद्धत तीच. कागदावर आता तालुक्याचं नाव बदललंय. वडापवाला मात्र “येल्हं, येल्हं” असंच ओरडत होता. ठकूबाईला पुढं बसवलं. मार्गासनीच्या पुढं तिला मळमळलं, गाडी थांबवावी लागली. रस्त्याकडेला बसून तिनं तोंड धुतलं आणि समोर बघत राहिली. तोरणा दिसत होता. ती म्हणाली, हा हिकडून असा दिसतो, आमच्या हितून येगळा.

भाताची कापणी चालू होती. सगळी खाचरं पिवळी, कुठं भारे बांधलेले, कुठं झोडणी. आमच्या काळ्या सपाट रानातून गेलेल्या माणसाला ही पायऱ्यापायऱ्यांची शेतं बघून वाटतं, इथं माणसानं डोंगराला एकेक घास करून खायला घेतलंय. वेल्ह्यात आम्ही मिसळ खाल्ली, म्हणजे मी खाल्ली. तिनं फक्त चहा घेतला. पुढं पेंढ्याचा टेम्पो मिळाला आणि त्यानं वाडीच्या फाट्यावर सोडलं.

फाट्यापासून पायवाट शेतातून जाते. ठकूबाई काठी टेकत पुढं, मी पिशवी घेऊन मागं. खाचरात एक बाई भात कापत होती, ठकूबाईपेक्षा थोडी लहान. ती उभी राहिली, कपाळावर हात धरून बघत राहिली. मग विळा खाली टाकून दोन पावलं मागं सरकली.

“ठकूआत्या?”

“व्हय. म्याच.”

त्या बाईचं तोंड पांढरं पडलं होतं. ती माझ्याकडे बघून बोलली, आत्याकडे नाही. “ह्यांचं तर तेरावं जेवलो आमी.”

मला आधी कळलंच नाही. आमच्याकडे तेरवी म्हणतात. कळलं तेव्हा मी बांधावर बसले. त्या बाईकडून तुकड्यातुकड्यांनी समजलं. दत्तानं वाडीत सांगितलं होतं की आत्या भोरच्या दवाखान्यात गेली, तिकडंच उरकलं. डोकं भादरून घेतलं, दिवस केले, सगळ्या वाडीला जेवण घातलं. लोक रडले. ही बाई स्वतः रडली होती.

ठकूबाई ऐकत उभी होती. तिच्या चेहऱ्यावर मला राग दिसला नाही, दुःखही दिसलं नाही. ती काहीतरी जुळवून बघत असल्यासारखी दिसत होती. मग त्या बाईला म्हणाली, हात लाव, गार हाय का बघ. बाईनं हात लावला आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. रडत रडतच ती आमच्याबरोबर चालू लागली.

घराशी

वाडीच्या वरच्या टोकाला फलक होता: ‘होम स्टे. चुलीवरचं जेवण. गडाचा नजारा.’ त्याच्यामागं जे घर होतं ते मी लांबूनच ओळखलं. ओट्याची उंची, दाराच्या डावीकडं खिडकी, मागं न्हाणीचा बाहेर आलेला चौकोन. नकाशा मी काढलेला नसेल, या जिल्ह्यात मी कधी काम केलं नाही, पण असा नमुना मी शेकडो वेळा काढलाय. आता त्याला रंगीत फरशी लावलेली, दिव्यांची माळ सोडलेली. ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून पुण्याची दोन कुटुंबं भजी खात होती.

दत्ताची बायको सुरेखा परात घेऊन बाहेर आली. ठकूबाईला बघून तिनं परात खाली ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि पाया पडली. सवयीनं पडली असावी. पडून झाल्यावर तिला उठता येईना, तिथंच बसून राहिली.

दत्ता झोडणीवरून आला. पन्नाशीचा माणूस, अंगावर भाताची कुसं. पहिलं तो पाहुण्यांशी बोलला. आमची लांबची आत्या आहे, डोक्यानं जरा कमी आहे, तुम्ही खाऊन घ्या. त्या क्षणी मला त्याचा जेवढा संताप आला तेवढा आयुष्यात फार थोड्या वेळा आलाय. दाराशेजारी भिंतीवर चुना फासलेला एक चौकोन होता. मला माहीत होतं तिथं काय असतं. मी पिशवीतली बाटली काढली, रुमाल ओला करून तो चौकोन घासला. चुना कच्चा होता. खाली निळी अक्षरं वर आली. लाभार्थीचे नाव, आणि त्यापुढं ठकूबाईचं पूर्ण नाव.

ठकूबाईला वाचता येत नाही. तिनं ओल्या भिंतीवर हात ठेवला. “ह्येच व्हय माझं नाव?”

मी हो म्हटलं. खुर्च्यांवरच्या माणसांनी भज्यांच्या बशा खाली ठेवल्या.

दत्ता बरंच बोलला. खुबा मोडलेल्या माणसाचं कोणी करायचं, रानात जायचं की घरी बसायचं. भोरला कोणी नसलेल्यालाच घेतात, म्हणून तसं म्हणायला सांगितलं. नेणारच होतो. पण वाडीतले रोज विचारायचे, आत्या कशी आहे, कधी आणतोस. शेवटी एक दिवस तोंडातून निघालं, गेली. “एकदा सांगितलं आन् सुटलो,” तो म्हणाला. मग तेरावं करावंच लागलं. कागदावर मात्र तिला मारलं नाही. घर तिच्या नावावर होतं, नोंदीला हात लावायची त्याला भीती वाटली.

मी त्याला सांगितलं की मला या खात्याचे सगळे नियम ठाऊक आहेत आणि उद्या पंचायतीत येऊन मी अर्ज देणार. माझा आवाज चढला होता. ठकूबाईनं काठी माझ्या पायाला हलकेच लावली, थांबवायला. मग सुरेखाला विचारलं, “माझ्या तेराव्याला काय केलं हुतं गं?”

सुरेखा खाली मान घालून म्हणाली, “लापशी. आमटी-भात.”

“माझं जेवायचं ऱ्हायलंय,” ठकूबाई म्हणाली.

मग सुरेखा उठली, चूल पेटवली, गूळ फोडला. दीड-दोन तास गेले. या वेळात पाहुण्यांतल्या एका बाईंनी आपल्या लोकांना सामान आवरायला लावलं. जाताना त्या ठकूबाईच्या पाया पडल्या आणि म्हणाल्या, तुमचं घर छान आहे. ठकूबाई म्हणाली, या परत, पन सांगून या.

लापशी झाली. ठकूबाई घराच्या मधोमध मांडी न घालता पाय पसरून बसली, तिला मांडी घालता येत नाही. ताट तिच्यापुढं आलं. खाचरातली ती बाई, तिच्यामागून जमलेल्या आणखी बायका, सगळ्या दारात उभ्या. आपल्याच तेराव्याचं जेवण ती सावकाश जेवली, ताट पुसून घेतलं. दत्ता बाहेर ओट्याखाली बसला होता. त्याच्या खांद्यांकडे बघून मला कळलं की तो रडतोय. मला त्याची दया आली नाही. आता लिहिताना थोडी येते.

हात धुऊन ती एवढंच म्हणाली, “म्या आता हितंच हाय.”

दिवेलागणीला सुरेखानं आत आत्याची एकटीची गादी घातली, आपलं आणि दत्ताचं अंथरूण ओट्यावर. मी खाचरातल्या बाईकडे झोपायला निघाले होते. मागं दार लागल्याचा आवाज आला. कडी लागली. मग निघाली, दार उघडलं, परत लागलं, परत कडी. असं तीन-चार वेळा झालं. मला वाटलं कडी बसत नसेल.

सकाळी मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “आतनं कडी हाय वो ह्या दाराला.” मला त्यात सांगण्यासारखं काय आहे ते समजलं नाही. ग्रामपंचायतीत जाऊन आम्ही घराच्या नोंदीचा, नमुना आठचा उतारा घेतला, घर तिच्याच नावावर होतं. तो कागद तिनं घडी करून पोलक्यात ठेवला आणि मला फाट्यापर्यंत सोडायला निघाली. मी नको म्हटलं तरी खाचरापर्यंत आली.

परत भोर, गुरुवार

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, मग चष्मा काढून बराच वेळ पुसला. ठकूबाईची खोली मात्र तेवढ्यातच भरली होती. शिवरे गावाकडून एक म्हातारा आला होता, हमरस्त्यावरच्या हॉटेलात जन्मभर भांडी घासलेला. तो ठकूबाईच्या भिंतीशी बसला होता. मी मापं तपासायची म्हणून दाराशी वाकले आणि तेव्हा दिसलं. कडी बाहेरून होती. आत काही नव्हतं, साधा खिळासुद्धा नाही.

मी दुसऱ्या खोलीकडे गेले, तिसऱ्या. नऊही दारांना कडी फक्त बाहेरून. अण्णा म्हणाले, दुष्काळात माणसं रात्री उठून गावाकडे पळत आणि वाटेत मरत, म्हणून तेव्हा बाहेरून लावून घेत. पुढं कोणी लावायचं बंद झालं. पण आतून बसवावी असं कोणाच्या मनात आलं नाही. त्यांच्याही आलं नव्हतं, हे त्यांनी सांगितलं. मी दोन दिवस त्या दारांची उंची, रुंदी, चौकटीची जाडी लिहून घेत होते. माझ्या एकाही कागदावर कडी नव्हती. अकरा वर्षं ती बाई आतून बंद न होणाऱ्या दारामागं झोपली होती, आणि मी मोजलेल्या त्या दारात मला काही कमी दिसलं नव्हतं.

मी बाजारात गेले. येताना कड्या आणल्या आणि एक सुतार. नियमांच्या फळीकडे अण्णांनी एकदा पाहिलं, मग सदऱ्याच्या बाह्या वर सारून स्वतः दार धरून उभे राहिले. पहिली कडी शिवऱ्याच्या म्हाताऱ्याच्या खोलीला बसली. सुतारानं त्याला लावून बघायला सांगितलं.

त्यानं दार लोटलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. सुतार पुढच्या दाराकडे जायला वळला, पण थांबला. पडवीत आम्ही तिघंही थांबलो. आतून काहीच आवाज येत नव्हता. बराच वेळ गेला. त्यानं उघडेपर्यंत कोणी दार वाजवलं नाही.